आज्ञा कुणाच्या नावाने? मोठ्या सॉफ्टवेअरमधून बाहेरचा प्रोग्राम चालवण्याचा इतिहास

समजा, तुम्ही पदवी घेऊन एका कारखान्याच्या संगणक विभागात रुजू झालात. पहिल्याच महिन्यात खरेदी विभागाचे साहेब तुमच्याकडे येतात. मालाची नोंद ज्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये होते, त्याच्या पडद्यावर त्यांना एक बटण हवे आहे. बटण दाबले की फाटकाजवळच्या वजनकाट्याचा प्रोग्राम सुरू व्हावा, ट्रकचे वजन यावे, बस्स. तुमचे वरिष्ठ सांगतात, "अरे, एका ओळीची स्क्रिप्ट आहे, लिहून टाक." तुम्ही ती लिहिता आणि ती तुमच्या संगणकावर चालतेही. दुसऱ्या दिवशी कळते की साहेबांच्या टेबलावर ती चालत नाही आणि रात्रीच्या पाळीत तर कुणाच्याच टेबलावर चालत नाही. आठवड्याभराने लेखापरीक्षक येऊन विचारतो, "हा प्रोग्राम नेमका कुणाच्या खात्यावरून चालतो?" त्याचे उत्तर तुमच्यापाशी नसते.

या पाठात आपण त्या एका ओळीचा इतिहास पाहणार आहोत. एंटरप्राइज सॉफ्टवेअर म्हणजे संपूर्ण संस्थेचा हिशेब, साठा, पगार, खरेदी एकत्र सांभाळणारी प्रणाली. अशा प्रणालीने स्वतःबाहेरचा एखादा प्रोग्राम सुरू करायचा, ही गरज जुनी आहे. ती पुरवण्याचे तंत्र फारसे अवघड नाही. गेली साठ वर्षे लोक अडखळत आले ते तंत्रावर नाही, तर लेखापरीक्षकाच्या त्या प्रश्नावर. हे डोक्यात ठेवून वाचलेत, तर पुढे येणारे वेगवेगळे प्रसंग एकाच गोष्टीचे आहेत हे लक्षात येईल.

कार्डांपासून शेलपर्यंत

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावणे हा प्रकार नव्हताच. आपल्याकडे आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला. त्या काळी कार्डांचा गठ्ठा तयार करायचा, तो यंत्राला द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम ३६० साठी जी आज्ञाभाषा आली, तिच्यात कोणता प्रोग्राम कोणत्या क्रमाने चालवायचा हे कार्डांवर लिहून द्यावे लागे. त्या गठ्ठ्याचे पहिले कार्ड 'जॉब' कार्ड असे आणि त्यावर हिशेबाचा क्रमांक व काम देणाऱ्याचे नाव घालण्याची सोय असे. म्हणजे काम कुणाचे, खर्च कुणाच्या खात्यावर, हे आधी. कोणता प्रोग्राम, हे नंतर. ही व्यवस्था लोकांना किचकट वाटे आणि ती तशी होतीही. पण आपल्या लेखापरीक्षकाला ती आवडली असती.

याच सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एक वेगळी प्रणाली उभी केली होती. अनेक जण आपापल्या टर्मिनलवर बसून एकच संगणक एकाच वेळी वापरू शकत. तिचे नाव सीटीएसएस. तिथे काम करणारे फ्रेंच अभियंते लुई पुझाँ यांना रोज त्याच त्या आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा आला. त्यांनी 'रनकॉम' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या, रनकॉम ती फाइल वाचून एकामागून एक आज्ञा चालवेल, आणि मधल्या रिकाम्या जागी आपण दिलेली नावे भरेल. आजच्या स्क्रिप्टचे हे अगदी ओळखू येणारे रूप आहे. लिनक्समध्ये ज्या फाइलींच्या नावाच्या शेवटी 'आरसी' असते, ती दोन अक्षरे या रनकॉमचीच आठवण आहेत.

पुझाँ यांनी पुढे असे सुचवले की आज्ञा वाचून प्रोग्राम चालवणारा हा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात नसावा, तिच्याभोवतीच्या कवचासारखा बाहेर असावा. 'शेल' हा शब्द तिथून आला. १९६५ मध्ये ग्लेंडा श्रोडर यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी असा पहिला शेल घडवला. आज एक्सेलच्या मॅक्रोमध्ये तुम्ही 'शेल' हे फंक्शन वापरता तेव्हा हा साठ वर्षे जुना शब्द लिहीत असता.

सत्तावीस ओळी

आता बेल लॅब्समध्ये येऊ. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्स उभे करायला घेतले. रिची यांनी नंतर सांगितलेली हकिकत अशी आहे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये शेल आणि चालवायचा प्रोग्राम यांना एकच जागा होती. तुम्ही आज्ञा दिलीत की तो प्रोग्राम शेलच्या जागेवर येऊन बसे, म्हणजे शेल पुसला जाई. काम संपले की शेल पुन्हा डिस्कवरून वाचून आणला जाई. पाहुणा आला की घरमालकाने अंगणात उभे राहायचे, तसा हा प्रकार.

मग 'फोर्क' आले. चालू असलेल्या प्रोसेसची हुबेहूब नक्कल करायची, मूळ प्रोसेस तशीच ठेवायची आणि नकलेच्या जागी नवा प्रोग्राम आणून बसवायचा. यातली पहिली पायरी फोर्क, दुसरी 'एक्झेक'. फोर्कची कल्पना बर्कलीच्या एका प्रणालीतून आली होती. रिची नोंदवतात की पीडीपी-७ वर फोर्क घालायला असेंब्ली भाषेच्या नेमक्या सत्तावीस ओळी पुरल्या.

मात्र या सत्तावीस ओळी घातल्यावर एक साधी, रोजची आज्ञा बिघडली. चालू डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा दिली की काहीच होईना. कोड पुन्हा पुन्हा तपासला तरी चूक सापडेना. शेवटी उलगडा झाला. आता प्रत्येक आज्ञा नकलेत, म्हणजे बाल-प्रोसेसमध्ये चालत होती. बाल-प्रोसेस इमानेइतबारे आपली डिरेक्टरी बदले आणि लगेच संपून जाई. पालक-प्रोसेस, म्हणजे तुमचा शेल, होता तिथेच राही. त्यामुळे ती आज्ञा शेलच्या आतच घालावी लागली.

हा किस्सा मजेदार आहे, पण त्याच्यापाशी थोडे थांबा, कारण पुढचे बरेच काही यात आहे. बाल-प्रोसेस पालकाकडून वारसा घेते: चालू डिरेक्टरी, उघड्या फाइली, पुढच्या काळात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वापरकर्त्याची ओळख. उलट दिशेने मात्र फारसे काही जात नाही. बाल-प्रोसेस संपताना एक छोटा आकडा मागे ठेवते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम झाले. तुमच्या स्क्रिप्टने वजनकाट्याचा प्रोग्राम सुरू केला, तर तो चालतो पालकाच्या ओळखीवर. आणि पालक म्हणजे बटण दाबणारे साहेब नव्हेत, तर ज्या खात्यावर ते मोठे सॉफ्टवेअर चालते ते खाते. रात्रीच्या पाळीत स्क्रिप्ट का अडली याचे कारण बहुधा इथेच सापडेल: चालू डिरेक्टरी वेगळी, एन्व्हायर्नमेंट वेगळे, खाते वेगळे.

कधी कधी हा वारसा मुद्दाम तोडावा लागतो. आपला पासवर्ड बदलायचा तर पासवर्डांच्या फाइलीत लिहावे लागते, आणि ती फाइल सामान्य वापरकर्त्याला लिहिता येत नाही. रिची यांनी यावर 'सेटयूआयडी' हा तोडगा काढला. एखाद्या प्रोग्रामवर अशी खूण करायची की तो कुणीही सुरू केला तरी मालकाच्या अधिकाराने चालेल. १९७३ मध्ये यासाठी पेटंटचा अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळाले. केवढी सोय! आणि केवढी जोखीम, हे लवकरच कळले.

गोंधळलेला मुखत्यार

आपल्याकडे मुखत्यारपत्र देतात. गावाकडची जमीन सांभाळायला भावाला मुखत्यारपत्र दिले की भाऊ तुमच्या नावाने सही करू शकतो. तो प्रामाणिक असला तरी एक अडचण उरते. तो स्वतःच्या कामासाठी सही करतो आहे की तुमच्या, हे समोरच्या कागदावरून नेहमीच समजत नाही. संगणकाच्या इतिहासात ही अडचण अगदी नेमकेपणाने मांडली नॉर्म हार्डी यांनी. 'द कन्फ्यूज्ड डेप्युटी' या त्यांच्या छोट्या लेखात, ऑक्टोबर १९८८ मध्ये. आपण त्याला 'गोंधळलेला मुखत्यार' म्हणू.

हार्डी टाइमशेअर नावाच्या कंपनीत काम करत. ही कंपनी संगणकाचा वेळ भाड्याने देई. तिथे फोरट्रान भाषेचा एक कंपायलर होता आणि तो प्रणालीच्या एका खास डिरेक्टरीत ठेवलेला होता. कंपायलर कुणी कसा वापरला याची आकडेवारी त्याच डिरेक्टरीतल्या एका फाइलीत लिहायची होती. म्हणून त्याला आपल्या डिरेक्टरीत लिहिण्याचा विशेष अधिकार दिला गेला. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती.

कंपायलरमध्ये आणखी एक सोय होती: चुका शोधण्यासाठीची माहिती कोणत्या फाइलीत लिहायची, त्या फाइलीचे नाव वापरकर्त्याने द्यायचे. एका वापरकर्त्याने त्या जागी बिलांच्या फाइलीचे नाव दिले. ऑपरेटिंग सिस्टिमने तपासले, की या कंपायलरला इथे लिहायचा अधिकार आहे का? होता. बिलांची माहिती पुसली गेली.

इथे दोष कुणाचा, हे स्वतःला विचारून पाहा. ऑपरेटिंग सिस्टिमने नियम मोडला नाही. कंपायलरने त्याला सांगितलेले तेच केले. ज्याने त्याला अधिकार दिला, त्याच्याकडेही रास्त कारण होते. हार्डी यांचा मुद्दा असा, की कंपायलर एकाच वेळी दोन मालकांची चाकरी करत होता. एकाने अधिकार दिला होता, दुसऱ्याने फाइलीचे नाव. कोणते काम कुणाच्या अधिकाराने करायचे हे सांगण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. एंटरप्राइज सॉफ्टवेअरमधून बाहेरचा प्रोग्राम चालवणारी प्रत्येक स्क्रिप्ट याच स्थितीत असते, असे माझे मत आहे. अधिकार सॉफ्टवेअरचा, आणि फाइलीचे नाव, ट्रकचा क्रमांक, तारीख हे सारे पडद्यासमोर बसलेल्या माणसाचे.

हार्डी यांचा लेख छापून आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक 'सेंडमेल' या टपाल पोहोचवणाऱ्या प्रोग्रामातून जात होती. सेंडमेलमध्ये दुरुस्तीच्या कामासाठी एक 'डीबग' सोय होती आणि कित्येक ठिकाणी ती सुरूच राहून गेली होती. तिच्या आधारे टपालाच्या पत्त्याच्या जागी थेट आज्ञा देता येई. पत्र पेटीत पडण्याऐवजी शेलच्या हातात पडे. टपाल वाटणारा मुखत्यार पाकिटावर लिहिलेली आज्ञा पाळू लागला, असे म्हणा ना.

तीन थर आणि एक यादी

आता ज्या सॉफ्टवेअरने 'ईआरपी' हा शब्द जगभरच्या कारखान्यांत पोहोचवला, त्याच्याकडे वळू. जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी सुरू केली. त्यांची आर/२ प्रणाली मेनफ्रेमवर चाले. १९९२ मध्ये आर/३ आली आणि तिची रचना तीन थरांची होती: वापरकर्त्याच्या टेबलावरचा पडदा, मधला ॲप्लिकेशन सर्व्हर आणि खालचा डेटाबेस.

या तीन थरांमुळे आपल्या बटणाचा प्रश्न दुहेरी झाला. 'बाहेरचा प्रोग्राम सुरू कर' म्हणजे कुठे? टेबलावरच्या संगणकावर की सर्व्हरवर? सॅपच्या एबॅप भाषेत दोन्हींसाठी वेगळी साधने होती. टेबलावरच्या संगणकावर प्रोग्राम चालवायचा तर आधी 'डब्ल्यूएस एक्झिक्यूट' हे फंक्शन होते. नंतर त्याची जागा पडद्याच्या सेवांसाठी असलेल्या एका क्लासमधील 'एक्झिक्यूट' या मेथडने घेतली. तिथे चालणाऱ्या प्रोग्रामला त्या माणसाच्या विंडोज खात्याची ओळख मिळते. मात्र तेच काम रात्री पार्श्वभूमीत चालणाऱ्या जॉबमध्ये घातले तर पडदाच नसतो, आणि स्क्रिप्ट कोलमडते. हा अडथळा प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी लागतो. तुम्हालाही लागेल.

सर्व्हरवर चालवायचे असेल तर गोष्ट गंभीर होते. तिथला प्रोग्राम सॅपच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिम खात्यावरून चालतो, आणि त्या खात्याला सॅपच्या सगळ्या फाइली उघडता येतात. पूर्वी एबॅपमधून थेट कर्नेलला सांगून कोणतीही आज्ञा चालवता येई. तो मार्ग बंद करण्यासाठी एक पॅरामीटर आहे. त्याला पर्याय म्हणून सॅपने जी व्यवस्था बसवली ती मला या इतिहासातली फार समंजस गोष्ट वाटते. 'एसएम६९' या ट्रान्झॅक्शनमध्ये प्रशासकाने चालवण्याजोग्या आज्ञांची यादी करायची. प्रत्येक आज्ञेला एक नाव द्यायचे. ग्राहकाने स्वतः केलेल्या आज्ञेचे नाव झेड किंवा वाय या अक्षराने सुरू करायचे. ती कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल, तिला जास्तीचे पॅरामीटर देता येतील की नाही, हे तिथेच ठरवायचे. हवे तर चालवण्याआधी तपासणी करणारे एक फंक्शन जोडायचे. मग 'एसएम४९' मधून किंवा प्रोग्राममधून ती आज्ञा नावाने बोलावायची. बोलावणाऱ्याला ती आज्ञा, ती ऑपरेटिंग सिस्टिम आणि ते यंत्र, या तिन्हींसाठी परवानगी आहे का, हे त्या वेळी पाहिले जाते.

इथे काय झाले ते बघा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हातून आज्ञेचा मजकूर काढून घेतला आणि त्याला फक्त नाव दिले. मुखत्यारपत्रात "वाट्टेल ते कर" असे न लिहिता "सातबाऱ्याचा उतारा आण, वीजबिल भर" अशी कामे मोजून लिहिली. अर्थात, यादीतल्या आज्ञेला 'जास्तीचे पॅरामीटर चालतील' अशी खूण केली आणि तपासणीचे फंक्शन जोडलेच नाही, तर वाट पुन्हा अर्धी उघडी राहते. आणि कामाच्या घाईत नेमके तेच केले जाते.

डेटाबेसच्या पोटातून

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एक्सपी सीएमडीशेल' नावाचे एक प्रोसीजर आहे. त्याला एक मजकूर द्या, तो विंडोजची आज्ञा म्हणून चालतो आणि त्याचे उत्तर डेटाबेसच्या ओळींच्या रूपात परत येते. डेटाबेस सांभाळणाऱ्यांना हे फार सोयीचे होते. रात्री फाइल उचलायची, डेटाबेसमध्ये भरायची, मग ती दुसरीकडे हलवायची, हे सगळे एकाच स्क्रिप्टमध्ये होई. प्रशासकाने बोलावले तर ही आज्ञा डेटाबेस सेवेच्या खात्यावरून चाले, आणि ते खाते अनेक ठिकाणी त्या यंत्राचे सर्वाधिकारी असे.

याच सर्व्हरच्या प्रशासकाच्या खात्याचे नाव 'एसए' हे ठरलेले होते. कितीतरी ठिकाणी त्याचा पासवर्ड रिकामाच राहिला होता. मे २००२ मध्ये 'स्पायडा' नावाचा वर्म आला. रिकाम्या पासवर्डाने तो 'एसए' म्हणून आत शिरे, आणि मग पुढचे सगळे काम एक्सपी सीएमडीशेलकडून करून घेई. ते यंत्र ताब्यात घेतले की तिथून पुढची यंत्रे शोधायला निघे. त्याला कोणतीही अवघड फट शोधावी लागली नाही. दरवाजा आणि दरवाजामागचा आज्ञाधारक नोकर, दोन्ही आधीपासून तयार होते.

एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून हे प्रोसीजर मुळात बंद ठेवलेले येते; हवे असेल तर प्रशासकाने ते जाणूनबुजून सुरू करायचे. प्रशासक नसलेल्यांनी बोलावले तर ते वेगळ्या, ठरवून दिलेल्या खात्यावरून चालवण्याची सोयही आहे. तीन वर्षांच्या अंतरातला हा बदल वाचताना किरकोळ वाटतो. पण ज्यांची रात्रीची कामे या एका प्रोसीजरवर उभी होती, त्यांनी नव्या आवृत्तीवर गेल्यावर काय केले असेल? अनेकांनी ते परत सुरू केले असावे. सवयीच्या सोयीचे असेच होते.

टेबलावरच्या संगणकांची कथा थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये एक्सेलमध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि त्याच्यासोबत 'शेल' फंक्शनही. हिशेबनीसालाही आता एका ओळीत दुसरा प्रोग्राम सुरू करता येऊ लागला. विंडोज ९८ बरोबर स्क्रिप्ट चालवणारा यजमान प्रोग्राम आला. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू' ने हीच सोय वापरली: टपालातून आलेली स्क्रिप्ट, उघडणाऱ्याच्या खात्यावरून आणि त्याच्या पूर्ण अधिकाराने चाललेली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातूनच अडवायला २०२२ उजाडले.

एक्सेलच्या 'शेल' बद्दल एक व्यवहारी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ते प्रोग्राम सुरू करून देते आणि त्याच्या संपण्याची वाट न पाहता पुढच्या ओळीवर जाते. वजन अजून आलेले नसते आणि तुमचा कोड रिकामी फाइल वाचून शून्य किलोची नोंद करून मोकळा होतो.

मजकूर आणि आज्ञा

आतापर्यंत अधिकार कुणाचा हे पाहिले. आता मजकूर कुणाचा ते पाहू. बहुतेक स्क्रिप्ट आज्ञा कशी बनवतात? प्रोग्रामचे नाव, मग एक मोकळी जागा, मग वापरकर्त्याने पडद्यावर भरलेले काहीतरी. हे सगळे चिकटवून एक ओळ तयार होते आणि ती शेलला दिली जाते. शेलला मात्र यातले तुमचे कोणते आणि वापरकर्त्याचे कोणते हे कळत नाही. त्याच्या लेखी अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू झाली. ट्रकच्या क्रमांकाच्या चौकटीत कुणी क्रमांक, मग अर्धविराम, मग फाइली पुसण्याची आज्ञा लिहिली, तर युनिक्सचा शेल दोन्ही कामे तेवढ्याच निष्ठेने करतो. हार्डी यांच्या बिलांच्या फाइलीसारखेच हे आहे, फक्त इथे फाइलीच्या नावाऐवजी आख्खी आज्ञा घुसते.

कुणाचा वाईट हेतू नसतानाही हे घडते. विंडोज ९५ पासून प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये बसवले जातात त्या 'प्रोग्राम फाइल्स' या नावातच मोकळी जागा आहे. अवतरणचिन्हे घालायला विसरलात तर विंडोज आधी 'प्रोग्राम' एवढ्याच नावाची चालवता येणारी फाइल शोधते. ती तिथे नसते म्हणून बहुधा निभावते. कुणी ती मुद्दाम ठेवली, तर तुमच्या सॉफ्टवेअरच्या अधिकाराने ती चालते.

उपाय जुनाच आहे आणि युनिक्सच्या एक्झेकमध्ये तो पहिल्यापासून आहे. शेलला मधे न घेता प्रोग्रामचे नाव वेगळे आणि त्याला द्यायची प्रत्येक गोष्ट वेगवेगळी, यादी म्हणून द्यायची. मग अर्धविराम हा फक्त अर्धविराम राहतो. पायथॉन, जावा यांसारख्या भाषांत हा मार्ग सरळ उपलब्ध आहे. तरीही लोक ओळ चिकटवत राहतात, कारण ती वाचायला सोपी असते आणि पहिल्या चाचणीत चालते. सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झालेला 'शेलशॉक' हा बॅश शेलमधला दोष पंचवीस वर्षांच्या आसपास तसाच पडून होता. वेबसर्व्हर बाहेरून आलेली माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये घालून दुसरा प्रोग्राम सुरू करत, आणि मधे बॅश आला की तो त्या माहितीचे शेपूट आज्ञा म्हणून चालवत असे. वारशातून येणाऱ्या गोष्टींची यादी आपण युनिक्सच्या किश्श्यात केली होती. त्यातली एक इथे कामी आली.

न जोडण्याची किंमत

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, मग जोडूच नये. दोन प्रोग्राम वेगळे ठेवावेत, माणसाने इकडचे वाचून तिकडे टाइप करावे. याचेही उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते स्वस्तात पडलेले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतला गैरव्यवहार उघड झाला. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा आणि बँकेची मुख्य हिशेब प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे संदेश गेले, पण त्यांची नोंद मुख्य हिशेबात झालीच नाही. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना या दोन यंत्रणा जोडून घेण्यासाठी मुदत घालून दिली.

म्हणून खरेदी विभागाच्या साहेबांना नकार देणे हा मार्ग नाही. हाताने टाइप केलेल्या वजनावर कारखान्याचे पैसे चालतात, आणि त्यांना बटण हवे आहे ते बहुधा याच कारणासाठी.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या गेली काही वर्षे एक तिसरी वाट धरत आहेत. सॅपच्या सार्वजनिक क्लाउडमधल्या आवृत्तीत ग्राहकाला खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचताच येत नाही; तिथून बाहेरचा प्रोग्राम सुरू करायचा नसतो, तर नेटवर्कवरून त्या प्रोग्रामला निरोप पाठवायचा असतो. तो निरोप कुणाच्या वतीने आला हे सांगणारे एक टोकन सोबत जाते. टोकनावर मुदत असते, कामाची मर्यादा असते. मुखत्यारपत्र आता प्रत्येक कामापुरते निघते, म्हणा. तरीही फाटकाजवळच्या वजनकाट्याचा प्रोग्राम पंधरा वर्षांपूर्वीचा असेल आणि त्याला निरोप कळत नसेल, तर कुठेतरी, एखाद्या मधल्या यंत्रावर, कुणीतरी पुन्हा तीच एक ओळ लिहिते.

आणि ती कुणाच्या खात्यावरून चालते? पुष्कळ कचेऱ्यांत आढळणारा प्रकार सांगतो. रात्रीचा जॉब ज्याने पहिल्यांदा लावला, त्याच्याच वैयक्तिक खात्यावरून तो चालत राहतो. चार वर्षांनी तो गृहस्थ नोकरी सोडतो. मनुष्यबळ विभाग नियमाप्रमाणे त्याचे खाते काढून टाकतो. त्या रात्री जॉब चालत नाही, सकाळी फाटकावर ट्रकची रांग लागते. दुपारपर्यंत कुणीतरी शोधून काढते की कारण काय, आणि निघून गेलेल्या माणसाचे खाते तात्पुरते पुन्हा उघडले जाते. तुम्ही रुजू झालात तेव्हा लेखापरीक्षक ज्या खात्याबद्दल विचारत होता, ते बहुधा हेच.